सुकदेव आणि चिकट तसबीर

आमच्या जळगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र विभागात त्या वेळी तीन प्राध्यापक होते, दोन डेमॉन्स्ट्रेटर होते आणि सुकदेव होता. यांच्यात काम कोणाला येतं, असं पोरांना विचारलं असतं तर त्यांनी आमची भीडभाड न ठेवता सरळ सुकदेवचं नाव घेतलं असतं. कागदोपत्री तो प्रयोगशाळेचा शिपाई. शिक्षण सातवी. मी एम.एस्सी., वरून फर्स्ट क्लास, आणि तापट. पोरांच्या हातून ब्युरेट फुटली की माझा आवाज मुख्य दरवाजापर्यंत जाई, आणि तो तिथे पोचायच्या आत सुकदेव काचा गोळा करून मोकळा झालेला असे.

सुकदेव उखर्डू, मूळचा पहूरचा. पोरवयात जळगावला आला तो तेलाच्या गिरणीत लागला आणि चौदा वर्षं तिथेच राहिला. गिरणी बंद पडल्यावर आमच्याकडे आला. तेलाच्या बाबतीत त्याचं ज्ञान पुस्तकी नव्हतं, बोटातलं होतं. थेंब अंगठ्यावर घ्यायचा, दुसऱ्या बोटाने चोळायचा, हुंगायचा आणि सांगायचा, "करडई. गेल्या सालची." मी त्याला खोटं पाडायला दोनतीनदा रीतसर चाचण्या केल्या. माझाच वेळ गेला.

त्याचा एक दोष मात्र मला फार छळायचा. त्याला घाई नव्हती. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "अजून बघू, सर." डोळ्यांसमोर लख्ख दिसत असलं तरी अजून बघू. मला वाटे, हा माणूस सूर्य उगवल्यावरही खात्री करायला दुपारपर्यंत थांबेल.

अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत एक दिवस भाईदास पेंटर आमच्या दारात येऊन उभा राहिला. मूळचा साक्रीकडचा, जळगावात एका बोळात त्याचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या सगळेच पेंटर रंगवत, पण भाईदासचं खरं काम म्हणजे गेलेल्या माणसांच्या तसबिरी. लोक ओळखपत्रावरचा, लग्नातला, कसलाही फोटो आणून देत आणि तो त्यावरून कॅनव्हासवर तैलरंगात माणूस उभा करी. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत वर्षश्राद्धाच्या दिवशी त्याने काढलेला माणूस भिंतीवर चढला होता. जाहिरात नाही, काही नाही. एका घरात तसबीर बघून दुसरं घर त्याच्याकडे येई, एवढ्यावर त्याचं चाललेलं.

त्याच्या काखेत चादरीत गुंडाळलेली एक मोठी चौकट होती. त्याने ती टेबलावर ठेवली, चादर सोडली आणि बाजूला तोंड करून उभा राहिला.

तसबीर एदलाबादजवळच्या शालिग्रामतात्यांची होती. एदलाबाद म्हणजे आताचं मुक्ताईनगर. तात्या केळीवाले शेतकरी, पाच वर्षांपूर्वी वारलेले. डोक्याला पांढरी टोपी, अंगात काळा कोट, समोरून काढलेला चेहरा, दोन्ही कान स्पष्ट. डोळे तर असे की मी नकळत सरळ उभा राहिलो. पण चेहऱ्याची दशा झाली होती. कपाळ आणि गाल चिकट, त्यावर धूळ बसून काळसर झालेले, मधेच पांढुरके पापुद्रे. एका गालावरचा रंग मऊ पडून सरकला होता. मिशीला बोट लावलं तर ते रंग घेऊनच वर आलं.

तात्यांचा मोठा मुलगा जीवराम तसबीर घेऊन दुकानात आला होता आणि भर बोळात ओरडून गेला होता, की या पेंटरने भेसळीचा रंग लावून आमच्या बापाचं तोंड नासवलं. शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन ऐकत होती. नंतर दोन घरांनी, रंगवायला दिलेले फोटो परत मागून नेले.

"सर," भाईदास आपल्या अहिराणीत म्हणाला, "तुम्ही शास्त्रवाला शेतस. बठ्ठं तपासा. मन्ही चूक व्हई ते तसं सांगी द्या. मी ब्रश ठेवी देसू. पन माले समजू द्या."

हा माणूस आपलं चांगलं नाव परत मागत नव्हता. आपण नालायक असू तर तेवढं तरी कळावं, एवढंच मागत होता. मला हे आज कळतं. तेव्हा मी फक्त एक छान प्रश्न हाती लागला म्हणून खूश होतो.

आम्ही कामाला लागलो. सुकदेवने खिडकी लावून घेतली आणि टॉर्च तसबिरीच्या कडेने आडवा धरला. तसा उजेड पाडला की पृष्ठभागावरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. मी भिंगातून बघून नोंदी केल्या. मग कापसाच्या बोळ्याने कपाळावरचा चिकटा टिपला, तो द्रावकात उतरवला, द्रावक उडून जाऊ दिलं. तळाशी तेलाचा एक पिवळा थेंब राहिला.

सुकदेवने त्यातलं जरासं अंगठ्यावर घेतलं, चोळलं, हुंगलं.

"काय आहे?" मी विचारलं.

"अजून बघू, सर."

मी चिडून परीक्षानळी घेतली. त्या तेलात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर घालून हलवलं. वनस्पती तुपात तिळाचं तेल घातलेलं असतं, म्हणून त्याची भेसळ ओळखायला ही चाचणी आम्ही पोरांकडून दरवर्षी करून घेतो. तिळाचं तेल असेल तर खालचा थर लाल होतो. दोन मिनिटांत तो डाळिंबासारखा लाल झाला.

मला आनंद झाला, हे मी कबूल करतो. तैलरंगात घालायचं तेल म्हणजे जवसाचं. ते हवेत वाळतं, कडक होतं आणि रंगाला धरून ठेवतं. तिळाचं तेल वर्षानुवर्षं वाळत नाही. म्हणजे भाईदासने जवसात तीळ मिसळलं होतं! मी त्याला बोलावून घेतलं आणि जे तोंडात आलं ते बोललो. लोकांच्या मेलेल्या बापाच्या तोंडाला भेसळ फासताना तुला काही वाटलं नाही का, असंही बोललो. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्याने पिशवीतून आपली तेलाची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. तिची चाचणी केली, तर रंग आला नाही. शुद्ध जवस.

"दुसरी बाटली लपवली असशील," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की मला अजून माझी लाज वाटते.

तेव्हा सुकदेव पुढे झाला. "सर, जरा थांबा. रंगातच तीळ असतं, तर कोट का बरा राहिला?"

मी पाहिलं. कोट कडक होता, खणखणीत वाळलेला. टोपीवर एक डाग नव्हता. मागच्या निळ्या भिंतीवर काही नव्हतं. चिकटा होता तो फक्त कातडीवर. कपाळावर टोपीच्या कडेपर्यंत येऊन थांबलेला, गालांवर, मिशीवर, मानेवर कॉलरपर्यंत. आडव्या उजेडात त्यात ओढी दिसत होत्या, चार बोटांच्या, भुवईकडून वर गेलेल्या.

मग त्याने तसबीर पालथी केली. कॅनव्हासच्या पाठीवर बाकी कुठे काही नाही, फक्त दोन ठिकाणी रुपयाएवढे तेलकट डाग. त्याने बोटाने जागा धरून तसबीर पुन्हा सुलटी केली. ते डाग बरोबर दोन कानांच्या मागे होते.

"हे काय?" मी विचारलं.

त्याने टॉर्च बंद केला. "आधी भिंत बघू, सर. ही टांगली होती ती भिंत बघितल्याशिवाय काही लिहू नका."

रविवारी आम्ही तिघं एसटीने निघालो. भाईदास मागच्या सीटवर तसबीर मांडीवर घेऊन बसला होता. भुसावळ सोडल्यावर सुकदेव माझ्या कानाशी आला. "सर, ते तेल आंघोळीचं आहे. दिवाळीचं. कानातसुद्धा घातलंय."

मला आधी हसू आलं. मग ते थांबलं. भुवईकडून वर जाणारी चार बोटं माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मला सगळं एकदम कळलं.

"घरात म्हातारी आहे ना?" मी विचारलं.

"आहे. तात्यांची बायको, सुगंधाबाई. भाईदासला विचारून घेतलं. तिथे मोठ्याने बोलू नका, सर. पोरं तिला टाकून बोलतील."

"आणि नाही सांगितलं तर हा मागे बसलाय तो?"

खरं सांगावं तर म्हातारीची अब्रू तिच्याच घरात जाणार, आणि झाकावं तर भाईदासचा हात कायमचा थांबणार.

जीवरामने आम्हाला ओसरीवर बसवलं, पण भाईदासला बस म्हटलं नाही. "शास्त्राचं काही मले सांगू नका," तो मला म्हणाला. "कोन्ती भेसळ निंघाली तेवढं सांगा." बैठकीच्या खोलीत भिंतीवर मोकळा खिळा होता आणि त्याखाली स्टूल. भिंत कोरडी होती. ओल नाही, चूल जवळ नाही. सुकदेवने भिंतीवरून हात फिरवला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघराकडे गेला. मीही उठलो.

सुगंधाबाई पाटावर बसून डाळ निवडत होत्या. सत्तरीच्या, बारीक, कपाळ मोकळं. सुकदेव त्यांच्यासमोर जमिनीवर टेकला. लॅबमधली त्याची शुद्ध मराठी कुठच्या कुठे गेली.

"अक्का, दिवायीले तेल कोन्तं वापरता तुम्ही?"

"तियीचं," त्या म्हणाल्या. "दुसरं कोन्तं? तात्याईले दुसरं चालेच ना."

"कोमट करून?"

"कोमटच. थंडं तेल त्याईले सहन व्हये नही." एवढं बोलून त्यांचा हात सुपात थांबला. त्यांनी सुकदेवकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दाराकडे. आवाज उतरला. "तुम्हाले कोनं सांगतलं?"

"तसबिरीनंच सांगतलं, अक्का."

मग त्यांनी सांगितलं, हळू आवाजात. चाळीस वर्षं दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला नवऱ्याला तेल त्याच लावत आल्या होत्या. ते गेले आणि वर्षश्राद्धाला तसबीर आली. पहिली दिवाळी आली तशी घर उठायच्या आधी त्या स्टुलावर चढल्या. "सारं घर तेल लावून आंघोय करीन, अन् ते येकटेच कोल्ड्या आंगानं भितीवर टांगेल राहातीन? मले पाहावे ना. उटणं नही लावलं हो. रंग जाईन म्हनून. पानी बी नही घातलं. निस्तं तेल. टोपी खराब व्हऊ नही म्हनून टोपीले धक्का नही लावला."

चार दिवाळ्या.

"मंग," त्यांनी सुकदेवला विचारलं, "त्याईचं तोंड मीच पुसून टाकलं काय?"

सुकदेवला खोटं बोलता येत नव्हतं. "पुसलं नही, अक्का. तेल जास्ती झालं. निंघतं ते. मी काढतो."

"अन् जीवराम त्या रंगवाल्याले काही बोलला काय?"

"बोलला."

त्या उठल्या. डोक्यावर पदर घेतला, सूप बाजूला सारलं आणि आम्हाला काही सुचायच्या आत ओसरीवर गेल्या.

"जीवराम," त्या म्हणाल्या, "त्या मान्साले काही बोलू नको. तेल मी लावलं."

"कोन्तं तेल?"

"दिवायीचं. तुह्या बापाले."

जीवरामचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तो मोकळ्या खिळ्याकडे बघत राहिला, मग आईच्या हातांकडे. केळीला पाणी सोडायचंय, असं पुटपुटत चपला घालून निघून गेला. गावात सकाळपासून वीज नव्हती, मोटर चालणार नव्हती, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मला वाटलं, भाईदास सुटकेचा श्वास टाकेल. त्याचं नाव धुऊन निघालं होतं, तेही भर ओसरीवर. पण तो चौकट भिंतीला टेकवून सुगंधाबाईंच्या पायाशी वाकला आणि वर उठला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"अक्का, मी आजलोंग दोनशे तोंडं रंगाडी टाकात. लोक हार घालतस, उदबत्ती लावतस. पन माणूस समजीसन तेल कोनी नही लावं."

त्या माउलीला त्याची बोली पुरती कळली की नाही कोण जाणे. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. परतीच्या बसमध्ये मी भाईदासजवळ जाऊन बसलो आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं. माझ्या आयुष्यात हे वाक्य मी फार थोड्या लोकांना म्हटलंय.

अहवाल मी एका ओळीचा लिहिला: चित्रकाराच्या रंगात वा कामात दोष आढळला नाही. तो कागद भाईदासने दुकानात लावला नाही, कारण त्याची गरजच पडली नाही. पुढच्या आठवड्यात जीवराम स्वतः त्या बोळात आला, उभ्या उभ्या चहा प्यायला आणि शेजारच्या दुकानदारांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला की चूक आमच्या घरची होती. फोटो परत नेलेल्या दोन घरांपैकी एक परत आलं.

तसबीर सुकदेवने साफ केली. मार्च-एप्रिलचे दोन महिने, रोज कॉलेज सुटल्यावर तासभर. कापसाचा बोळा, द्रावकाचा थेंब, बोटाच्या पेराएवढी जागा. गाल आणि मिशी भाईदासने पुन्हा रंगवली, वर वॉर्निश दिलं.

राहिला पुढचा प्रश्न. मी म्हणालो, त्यात काय, वरून काच बसवा. म्हातारी तेल लावेल ते काचेला, पुसलं की झालं. मला हा तोडगा फारच हुशारीचा वाटला होता. सुकदेव म्हणाला, "अजून बघू, सर," आणि भाईदासकडून त्याच रंगाची, त्याच वॉर्निशची एक फळी रंगवून घेतली. तिच्यावर चौकोन आखले आणि सगळ्यांना तिळाचं तेल लावलं. एक चौकोन दुसऱ्या दिवशी पुसला, एक तिसऱ्या, एक आठव्या, एक महिन्याने. भिंगाखाली मीच तपासले. महिन्याचा मऊ पडला होता. आठव्या दिवसाचा जरा मळकट दिसत होता. तिसऱ्या दिवसापर्यंतच्या चौकोनांना काहीही झालेलं नव्हतं.

"पहिली आंघोळ ते भाऊबीज, दोन-तीन दिवस," सुकदेव म्हणाला. "तेल त्यांनी लावावं. मी भाऊबीजेला जाऊन पुसून येईन. काचेला तेल लावून त्यांना काय समाधान मिळणार, सर?"

माझ्या फर्स्ट क्लासने त्या दिवशी मान खाली घातली.

तेव्हापासून दर भाऊबीजेला सुकदेव सकाळची एसटी धरून जाऊ लागला. त्याला सख्खी बहीण नव्हती. इतकी वर्षं भाऊबीजेच्या सुट्टीतही तो लॅबमध्ये येऊन बाटल्यांवरची लेबलं बदलत बसे. आता तो पिशवीत कापूस आणि बाटली घेऊन जायचा, आधी तात्यांचं तोंड पुसायचा, मग स्वतः पाटावर बसून ओवाळून घ्यायचा. सुगंधाबाई त्यालाही तेल लावत. संध्याकाळी परत येई तो डोकं चपचपीत घेऊन, आणि आम्ही त्याची थट्टा करत असू. जीवराम मात्र त्या दिवशी घरात नसे. असलाच तर "या" एवढंच म्हणे आणि मळ्याकडे निघून जाई.

आठ भाऊबीजा अशा झाल्या. शहाण्णव सालच्या भाद्रपदात सुगंधाबाई गेल्या. दिवाळी आली तशी मी सुकदेवला म्हटलं, आता काय जायचंय, कोण तेल लावणार? त्याने पिशवी भरली होती. मला काय वाटलं कोण जाणे, मीही त्याच्याबरोबर बसमध्ये चढलो.

घरी दिवाळी नव्हती. माणूस गेल्याचं वर्ष, म्हणून दिवे नाहीत, फराळ नाही, कोणी तेलाची आंघोळ केलेली नाही. जीवराम ओसरीवरच बसला होता. उठून आत घेऊन गेला. तात्यांची तसबीर जागेवर होती, शेजारी आईचा लहानसा फोटो. सुकदेव स्टुलावर चढला आणि सवयीने बोळा कपाळावरून फिरवला. मग थांबला आणि बोळा उजेडात धरला. तो तेलाने पिवळा झाला होता.

जीवराम खाली जमिनीकडे बघत उभा होता.

"आम्ही कोनी आंगाले लावलं नही यंदा," तो म्हणाला. "त्याईलेच लावलं. कोमट करून लावलं, माय लावे तसं. पुढल्या सालीबी या बरं, मामा."

सुकदेव "येतो" म्हणाला. बोळा बदलायच्या निमित्ताने तो बराच वेळ आमच्याकडे पाठ करून स्टुलावर उभा राहिला. तो रडत होता, आणि मी त्याला घाई केली नाही.